यंत्राचे बळ आणि माणसाचे व्रत

वैज्ञानिक थरारकादंबरी आणि महानायकांची चित्रकथा या दोन वाङ्मयप्रकारांकडे आपल्या समीक्षेने, काही सन्माननीय अपवाद सोडले तर, प्रवासात वेळ घालवण्याचे साधन याहून अधिक आदराने पाहिलेले नाही. परंतु आयुष्यभर या पुस्तकांच्या सहवासात रमलेल्या माझ्यासारख्या वाचकाला त्यांनी जे दिले, ते केवळ उत्कंठेचे सुख नव्हते, हे मला साधार सांगावयाचे आहे. हे दोन्ही प्रकार, माझ्या मते, एकाच प्रश्नाला दिलेली दोन उत्तरे आहेत. अचाट सामर्थ्य निर्माण झाले, तर त्याला आवर कोणी घालावयाचा, हा तो प्रश्न. थरारकादंबरी ते सामर्थ्य यंत्राच्या ठायी ठेवते आणि ते अनावर झाले की काय घडते ते दाखवते. चित्रकथा ते माणसाच्या ठायी ठेवते आणि आधी त्याच्याकडून शपथ घेववते.

मुळशी तालुक्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटणे शक्य नाही. पूर्वेकडे वाहण्याचा निसर्गाचा दंडक मोडून मुळा नदीचे पाणी येथे धरणाने अडवले गेले आहे, आणि सह्याद्रीच्या पोटातून ते सुमारे ५०० मीटर खाली, कोकणातल्या भिरा येथील वीजगृहावर सोडले जाते. १९२७ साली ते वीजगृह सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना बळ मिळाले. त्या आधी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटा कंपनीसाठी सरकारने भूसंपादनाचा कायदा लावून घेतलेल्या जमिनींसाठी मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला, आणि त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती केले. आज त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी, माण आणि मारुंजीच्या शिवारांत संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि पौडच्या कचेरीतल्या दप्तरांत या दोन्ही युगांचे सात-बारा एकाच कपाटात बांधून ठेवलेले सापडतात. यंत्र काय देते आणि त्याचा मोबदला कोण भरतो, हे ज्या भूमीने एका शतकात दोनदा पाहिले, तेथील वाचकाने थरारकथा मन लावून वाचाव्यात, यात नवल ते कोणते?

मराठीतील या परंपरेचे मूळपुरुष बाबुराव अर्नाळकर होत. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय व छोटू ही त्यांची पात्रे दोन पिढ्यांच्या घराघरांत नातेवाइकांसारखी वावरली. सरकारी हुद्दा अथवा फर्मान हाती नसताना केवळ स्वतःच्या न्यायबुद्धीच्या आधारे निघालेला पुरुष हे त्यांचे मुख्य कल्पनाधन होते. गोव्याच्या गुरुनाथ नाईकांनी हा वारसा गोलंदाज, शिलेदार आणि कॅप्टन दीप यांच्याद्वारे हेरगिरीच्या आणि सैनिकी साहसाच्या प्रांतात नेला. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांना तरुणांच्या बोलीत बोलावयास लावले. आणि नारायण धारपांनी ‘समर्थ’ या पात्राच्या रूपाने अमानुष शक्तींशी झुंजणारा एक शांत, संयमी साधक निर्माण केला. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे घडवला, ज्याच्यापाशी सायकल, चपळ पाय आणि निर्भय बुद्धी यांखेरीज कोणतेही शस्त्र नव्हते. ज्यूल व्हर्नला मराठीत आणणाऱ्याच लेखकाने असा निःशस्त्र नायक द्यावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. यंत्राची अद्भुतता त्यांना मोहवीत होती, पण भरवसा त्यांनी मुलाच्या धैर्यावर टाकला.

चित्रकथांचे दार माझ्या पिढीला उघडले ते इंद्रजाल कॉमिक्सने. बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली, पुढे ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघाली आणि १९९० मध्ये थांबली. ली फॉक या अमेरिकी लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला वेताळ आमच्याकडे आला तेव्हा त्याचे अरण्य डेंकाली झाले होते आणि मुखपृष्ठांवर बी. गोविंद यांची भरदार रंगचित्रे होती. वेताळाच्या अंगी अलौकिक शक्ती अशी कोणतीच नाही, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. त्याच्या वंशाच्या मूळपुरुषाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढण्याची शपथ घेतली, आणि पुढे प्रत्येक पुत्राने ती वंशपरंपरेने स्वीकारली. अरण्यातले लोक ज्याला अमर मानतात, ते अमरत्व वस्तुतः त्या व्रताचे आहे. आषाढी-कार्तिकीची वारी पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात चालवणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटली नाही, आणि म्हणूनच वेताळ येथे इतका खोल रुजला, असे माझे मत आहे.

महानायकाची खास भारतीय कल्पना १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ या हिंदी चित्रकथेत मांडली, परंतु त्याला प्रथम रूप दिले ते पुण्याच्या प्रताप मुळीक या चित्रकाराच्या कुंचल्याने, अमर चित्रकथेच्या वाचकांना जो आधीच सुपरिचित होता. नागराज हा प्रोफेसर नागमणी नामक दुष्ट वैज्ञानिकाने घडवलेला, देहात सर्प वागवणारा, भाडोत्री संहारासाठी विकावयास काढलेला मनुष्य. त्याच्या मस्तकात बसवलेल्या यंत्राच्या दास्यातून त्याला सोडवतात ते बाबा गोरखनाथ, आणि तेथून तो दुर्बलांचा रक्षक होतो. ज्याच्या घरी श्रावणात नवनाथांची पोथी वाचली जाते, त्या मराठी वाचकाला या प्रसंगाचे मर्म निराळे समजावून सांगावे लागत नाही. प्रयोगशाळेत जन्मलेले बळ येथे दीक्षा घेते. थरारकादंबरी आणि चित्रकथा यांचा संगम मला इतका स्पष्ट अन्यत्र आढळला नाही.

दुसरे उत्तर, म्हणजे यंत्राचे, मराठीत सर्वांत समर्थपणे दिले ते जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले. पुढल्याच वर्षी कराडच्या साहित्यसंमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या विज्ञानकथेचा गौरव केला. नारळीकरांच्या ‘व्हायरस’मध्ये संकट येते ते सैन्य घेऊन नव्हे, तर जगातल्या संगणकांत शिरून. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीच्या पोटात सापडलेल्या एका लुप्त संस्कृतीच्या ठेव्यातून ज्ञान उकलीत वैज्ञानिक बुद्धिमान यंत्रमानव घडवतात, आणि आपल्यासारखी आणखी यंत्रे निर्माण करण्याचे सामर्थ्य त्याला द्यावे की नाही, या प्रश्नावर कथा ताणली जाते. मायकेल क्रायटनने १९९० मध्ये ‘जुरासिक पार्क’मध्ये पुनर्जीवित प्राण्यांच्या अनिर्बंध प्रजननाचे भय रंगवले, नारळीकरांनी तेच भय बुद्धीविषयी त्याच्या आधी व्यक्त केले होते, आणि त्यासाठी त्यांनी नाव निवडले ते तीन पावले मागणाऱ्या बटूचे. बलिप्रतिपदेला ज्या बळीचे राज्य येवो म्हणून आपण प्रार्थना करतो, त्याचे औदार्य आणि त्याची फसगत, दोन्ही त्या नावात सामावलेली आहेत: मागणी लहान दिसते, म्हणून ती मान्य होते.

मुळशीच्या शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. धरणाची मागणी प्रगतीच्या नावाने आली. संगणकनगराची मागणीही रोजगाराच्या नावाने आली, आणि तिने रोजगार दिलाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याच्या पणज्याचे शेत जलाशयाखाली आहे आणि जो स्वतः हिंजवडीत रात्रपाळीला यंत्रबुद्धीचे प्रशिक्षण करतो, अशा तरुणाची थरारकादंबरी मराठीत मी तरी अद्याप वाचलेली नाही, आणि ही उणीव मला मनापासून खुपते. तिला लागणारी सर्व सामग्री या एकाच तालुक्यात सिद्ध आहे. तो तरुण लिहावयास बसेल तेव्हा आपल्याला पूर्वसूरी नाहीत असे त्याने मुळीच समजू नये. अर्नाळकरांचा वेग, भागवतांचा निःशस्त्र नायक, मुळीकांची रेषा आणि नारळीकरांची शास्त्रशुद्ध शंका हे सारे त्याच्या हक्काचे वतन आहे. समीक्षकांनी आणि ग्रंथालयांनी या पुस्तकांना साहित्याच्या सन्मान्य नोंदवहीत स्थान द्यावे, म्हणजे ते वतन त्याच्या हाती पोहोचेल. कारण यंत्राचे बळ दरवर्षी वाढते आहे, आणि त्याला व्रताची जोड कशी द्यावी याचा विचार करण्याची सवय वाचकाला ज्या गोष्टी लावतात, त्यांना आपण फावल्या वेळाचे वाचन म्हणून यापुढे बाजूला सारू शकत नाही.