गोलघुमटापलीकडचे विजापूर

आमच्या माण भागातून शाळेची सहल निघते, तेव्हा विजापूरचे नाव हमखास पुढे येते. मुले गोलघुमटाच्या सज्जात टाळ्या वाजवतात, प्रतिध्वनी मोजतात, मुलुख-ए-मैदान तोफेजवळ फोटो काढतात आणि संध्याकाळी गाडीत बसतात. कुटुंबे जातात तीही बहुधा एवढेच पाहून येतात. १६५६ च्या सुमारास पुरी झालेली मुहम्मद आदिलशहाची ही कबर थोर आहेच. पण जवळजवळ दोनशे वर्षे राजधानी असलेले शहर एका प्रतिध्वनीत संपत नाही.

हे सांगण्याला आणखी एक कारण आहे. वर्गात विजापूर म्हटले की मुलांपुढे फक्त अफझलखान उभा राहतो. त्या तासाला आपली काही मुले मान खाली घालून बसतात, हे आम्ही शिक्षक पाहतो. पण याच आदिलशाहीत आमच्या म्हसवडचे माने देशमुख नामांकित शिलेदार होते, हे किती जणांना ठाऊक असते? विजापूर हा या मुलखातल्या सर्वांचाच इतिहास आहे. तो डोळ्यांनी दाखवला तर मान आपोआप वर होते.

पहाटे निघावे. आटपाडी-जत वाटेने जाता येते. गोलघुमट सकाळीच पाहून घ्यावा. गर्दी नसली की कुजबुजसुद्धा पलीकडे ऐकू येते. तिथून जामा मशीद जवळ आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहाने ती बांधायला घेतली. फरशीवर २,२५० मुसल्ल्यांच्या चौकटी आखलेल्या आहेत आणि मेहराबीवर सोनेरी रंगकाम आहे. ही नांदती मशीद आहे, तेव्हा जोहरची नमाज इथेच होईल असा बेत करावा.

पुढे रस्त्यालगत मेहतर महाल लागतो. नाव महाल, पण हा एका मशिदीचा दरवाजा. त्याच्या सज्जाखालचे दगडी टेकू असे कोरले आहेत, की सुताराने लाकूडच घडवले असावे असे वाटते. गाड्या भरधाव पुढे जातात आणि हे नाजूक काम मागे राहते.

शहराच्या पश्चिमेला ताज बावडी आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची बेगम ताज सुलताना हिच्या नावाने ती १६२० साली बांधली. मोठी कमान, दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुरूज, आत सव्वादोनशे फुटांच्या आसपास लांबी-रुंदीचा हौद आणि वाटसरूंसाठी ओवऱ्या. दुष्काळी माणमधल्या मुलांना ही जागा आवर्जून दाखवावी. विजापूरही कमी पावसाचेच. म्हणून आदिलशहांनी तोरवीकडून जमिनीखालच्या कालव्याने पाणी आणले, १६५१ साली बेगम तलाव बांधला आणि वाटेत पाण्याचा दाब सांभाळायला 'गंज' नावाचे मनोरे उभारले. काही गंज अजून उभे आहेत. पुढे नळ आले आणि बावड्यांत कचरा साचला; अलीकडे काहींचा गाळ काढला आहे. काठावर उभे राहून मुलांना विचारावे, आपल्या गावच्या आडाचे काय झाले?

वेशीबाहेर इब्राहिम रोजा आहे. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद. खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात आरपार कोरलेली अरबी अक्षरे. आतून पाहिले की प्रकाशच अक्षर होऊन येतो. उर्दू शिकणाऱ्या मुलांना एखादे अक्षर ओळखायला सांगावे. कारागीर मलिक संदल याचे नावही इथल्या शिलालेखात आहे.

इथे विसावलेला दुसरा इब्राहिम (१५८०–१६२७) संगीताचा वेडा होता. त्याने दख्खनी भाषेत 'किताब-ए-नौरस' लिहिली. तिच्यात सरस्वतीची स्तुती आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. तोरवीजवळ त्याने १५९९ मध्ये नौरसपूर वसवायला घेतले. १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेने ते उद्ध्वस्त केले. आज तिथे संगीत महालाच्या उंच कमानी उरल्या आहेत. सहलीच्या गाड्या तिकडे क्वचितच वळतात, म्हणून दिवसाचा शेवट तिथे करावा.

सोबत पाणी आणि डबा घ्यावा, उन्हाळा टाळावा. भिंतीवर नावे कोरू नयेत, हे मुलांना निघण्याआधीच बजावावे. आणि गाडीत दोन जागा रिकाम्या असतील, तर शेजारच्या घरातील मुलांनाही घ्यावे. मानेंचा वंशज आणि मुल्लांचा मुलगा ताज बावडीच्या पायऱ्यांवर शेजारी बसून एकाच डब्यातली भाकरी खातील, तर इतिहासाच्या पुढच्या तासाला दोघेही सरळ बसतील.