हरलेल्या सेनापतीची इभ्रत

हरलेल्या सेनापतीला जोखताना निकाल दोन टोकांना जातो. बाजू अन्यायाची, म्हणून माणूसच नीच. नाहीतर माणूस सभ्य, म्हणून बाजूवरही पांघरूण. अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांच्या वाट्याला बराच काळ हे पांघरूण आले. त्याला आधार नव्हता असे नाही. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गचा हल्ला फसल्यावर परतणाऱ्या सैनिकांपुढे त्यांनी दोष स्वतःकडे घेतला आणि पुढच्याच महिन्यात राजीनामा देऊ केला. ९ एप्रिल १८६५ला शरण जाताना, सैन्य पांगवून गनिमी लढा चालू ठेवण्याची सूचना त्यांनी फेटाळली. हे जमेच्या बाजूला मांडलेच पाहिजे.

पण ही सभ्यता पोहोचली कुठवर? १८५७ मध्ये वारलेल्या सासऱ्यांच्या मृत्युपत्रानुसार त्यांचे गुलाम पाच वर्षांत मुक्त व्हायचे होते. अंमलबजावणी ज्यांच्याकडे होती त्या लींनी मुदत वाढवून घेण्यासाठी कोर्ट गाठले. त्या गुलामांपैकी, १८५९ मध्ये पळून जाताना पकडल्या गेलेल्या वेस्ली नॉरिसने पुढे साक्ष दिली, की लींनी त्याला चाबकाचे पन्नास फटके मारवले. गेटिसबर्गच्या मोहिमेत पेनसिल्व्हेनियात शिरलेल्या लींच्या सैन्याने स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही धरून दक्षिणेत नेले. ऑक्टोबर १८६४ मध्ये त्यांनीच कैद्यांची अदलाबदल सुचवली, पण पूर्वाश्रमीच्या गुलाम सैनिकांना त्यातून वगळले; उत्तरेचे सेनापती ग्रँट यांनी ती नाकारली.

‘त्या काळाच्या मापाने मोजा’, असे कोणी म्हणेल. तसेच मोजू. लींसारखेच व्हर्जिनियाचे असलेले सेनापती जॉर्ज थॉमस आणि विनफील्ड स्कॉट संघराज्याशी एकनिष्ठ राहिले. खुद्द लींनी १८५६च्या पत्रात गुलामगिरीला नैतिक अनिष्ट म्हटले होते, तिचा शेवट मात्र ईश्वरावर सोपवला. सेनापती सरकारच्या हुकमाचा बांधील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. युद्ध पुकारण्याचा दोष एकट्या लींवर टाकता येत नाही. पण मृत्युपत्राच्या बाबतीत कोणत्याही सरकारचा हुकूम नव्हता. म्हणून निकाल बाजूवरून नव्हे, तर जे माणसाच्या स्वतःच्या हातात होते त्यावरून द्यावा; आणि त्यातही, ज्यांना दाद मागायची सोय नव्हती त्यांच्याशी तो कसा वागला ते आधी पाहावे. या कसोटीवर ली उतरत नाहीत.

इतिहास जेते लिहितात हा आक्षेप तर इथे उलटाच पडतो. व्हर्जिनियातील रिचमंडमध्ये लींचा पुतळा १८९० मध्ये पराभूतांनीच उभारला. तो २०२१ मध्ये उतरला. नॉरिसची साक्ष मात्र १८६६ मध्येच छापून आली होती.