व्याख्यान घरी, गणित वर्गात

अभियांत्रिकीच्या पहिल्या दोन वर्षांत काही विषय मुलांना हमखास अडवतात. आपल्याकडे ‘एम-थ्री’ आणि तिची ‘केटी’ हे शब्द त्यामुळेच घरोघरी पोहोचले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत असाच एक विषय होता, विद्युत परिपथांचे विश्लेषण. 2012 साली तेथे झालेला प्रयोग ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्ग यांचा मेळ घालणारे शिक्षण, समजून घ्यायला फार उपयोगी आहे.

हा विषय अवघड का जातो? किरचॉफचे नियम दोनच. पाच मिनिटांत सांगून होतात. पण समोर रोधक आणि स्रोतांचे जाळे आले की सुरुवात कोठून करायची, संदर्भबिंदू कोणता मानायचा, हे नियम सांगत नाहीत. प्राध्यापक फळ्यावर सोडवतात तेव्हा प्रत्येक पायरी पटते. रात्री वही उघडल्यावर पहिलीच पायरी सुचत नाही, आणि तेव्हा विचारायला कोणी नसते.

मार्च 2012 मध्ये एमआयटीने अनंत अगरवाल यांचा याच विषयाचा अभ्यासक्रम जगभर मोफत खुला केला. सुमारे 1,55,000 जणांनी नोंदणी केली. प्रमाणपत्रापर्यंत 7,157 पोहोचले. त्यांत नुसत्या कुतूहलाने आलेलेही पुष्कळ होते, हे खरे. त्याच वर्षी सॅन होजेने हे साहित्य आपल्या एका तुकडीला दिले. व्हिडिओ आणि त्यांतला सराव घरी करून यायचा. वर्गात आधी शंकानिरसन, मग छोट्या गटांत उदाहरणे सोडवायची. अडेल तेथे शिक्षक जवळच. त्या तुकडीतले 91 टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. नेहमीच्या तुकड्यांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आत होते.

एका तुकडीवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या अध्यापनावरील 225 अभ्यास एकत्र तपासले. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत सरासरी 33.8 टक्के मुले नापास होत. वर्गातच मुलांना कामाला लावले की 21.8 टक्के. म्हणजे व्हिडिओचा खरा उपयोग वर्गातला वेळ मोकळा करण्यापुरता. फरक पडतो तो त्या वेळेत काय घडते याने.

विद्यापीठाने मात्र पुढचे पाऊल वेगळ्या दिशेने टाकले. 2013 च्या सुरुवातीला उडॅसिटी कंपनीबरोबर पूर्वतयारीचे गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्र हे विषय जवळजवळ पूर्णपणे ऑनलाइन शिकवले गेले. उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा बरेच खाली गेले आणि जुलैत हा उपक्रम थांबवावा लागला. त्या मुलांपैकी अनेक जण आधीच गणितात मागे पडलेले होते. शिक्षकाची सर्वांत जास्त गरज ज्यांना होती, त्यांच्याच वाट्याला तो सर्वांत कमी आला.

आपल्याकडे साहित्याची वाण नाही. आयआयटींचा एनपीटीईएल उपक्रम 2003 पासून चालू आहे. 2021 च्या नियमांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने स्वयम् मंचावरून एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा दिली आहे. या मुभेचा उपयोग वर्ग अधिक कसदार करण्यासाठी होईल किंवा शिक्षकांची पदे रिकामी ठेवण्यासाठीही होईल. कागदावर दोन्हींचे नाव ब्लेंडेड लर्निंगच असेल. म्हणून एखादे महाविद्यालय ते सुरू केल्याचे सांगते, तेव्हा पालकांनी एवढे विचारावे: व्याख्यान घरी गेल्यामुळे वाचलेल्या तासाला वर्गात काय होते, आणि तेव्हा तेथे किती शिक्षक हजर असतात?