जुडीमागचं शेत

जुलै २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे तिथल्या एफडीएनं, कोथिंबिरीबद्दल एक आदेश काढला. मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातली ताजी कोथिंबीर दरवर्षी १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात सीमेवरच अडवायची, आणि ज्या मळ्यांची स्वच्छता तपासून पटलेली आहे त्यांचाच माल आत सोडायचा. एका राज्यातल्या एका भाजीवर वर्षातले पाच महिने बंदी येण्यामागे २०१३, २०१४ आणि २०१५ असे सलग तीन उन्हाळे होते. त्या उन्हाळ्यांत अमेरिकेत शेकडो माणसं आठवडेच्या आठवडे जुलाबांनी हैराण झाली होती आणि माग काढत गेलेले तपासनीस शेवटी पुएब्लातल्या कोथिंबिरीपर्यंत पोहोचले होते.

मेक्सिकोच्या अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन एफडीएच्या लोकांनी पुएब्लातले अकरा मळे आणि प्रतवारीच्या शेड पाहिल्या. त्यांतल्या आठ ठिकाणी त्यांना जे दिसलं ते त्यांनी सरळ लिहून ठेवलं आहे. पिकात आणि शेडभोवती माणसाची विष्ठा आणि टॉयलेट पेपर. मजुरांसाठी कुठे संडासच नाही. कुठे आहे, पण पाणी नाही, साबण नाही. कोथिंबीर ठेवायचे क्रेट आणि टेबलं डोळ्यांना दिसेल इतकी मळलेली. जुड्या धुवायचं पाणी मैलापाण्यापासून सुरक्षित नाही. आणि एका ठिकाणी तर मजुरांना हात धुण्यासाठी भरून ठेवलेल्या टाकीतल्या पाण्यातच तो परजीवी सापडला, ज्याच्या शोधात ही मंडळी तिथे गेली होती. नियमानं वागणाऱ्या, संडासाहून येऊन हात स्वच्छ धुणाऱ्या मजुराच्या हातांवरही त्याच पाण्यातून तो चढत होता.

या परजीवीचं नाव सायक्लोस्पोरा कायेतानेन्सिस. पेरूची राजधानी लिमा इथल्या कायेतानो एरेदिया विद्यापीठात त्याच्यावर महत्त्वाचं संशोधन झालं, म्हणून ते नाव. हा जिवाणू नाही, विषाणूही नाही. हा एकपेशीय प्राणी आहे. माणसाच्या लहान आतड्यात तो वाढतो आणि विष्ठेवाटे त्याचे कोष बाहेर पडतात. एक कोष आठ ते दहा मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत शंभरेक कोष ओळीनं मावतील. आजवरच्या माहितीप्रमाणे त्याचा यजमान फक्त माणूस आहे. गाय, बकरी, कोंबडी यांच्याकडून हा आजार येत नाही.

त्याची आणखी एक खासियत सगळ्या प्रश्नाची दिशा ठरवते. बाहेर पडलेला कोष लगेच कुणाला आजारी पाडू शकत नाही. उबदार, दमट जागी एक ते दोन आठवडे राहून तो पक्व व्हावा लागतो. त्यामुळे घरातल्या एका आजाऱ्याकडून दुसऱ्याला हा थेट लागत नाही. हॉटेलातल्या आचाऱ्यानं हात न धुता सॅलड चिरलं म्हणून त्याच दिवशी जेवणाऱ्याला लागला, असंही होत नाही. पानावर पक्व कोष आला, याचा अर्थ कुणाची तरी विष्ठा काही दिवसांपूर्वी मातीत किंवा पाण्यात गेली आणि तिथून ती पिकावर आली. दोष बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या फार मागे, शेतात असतो.

दूषित घास पोटात गेल्यावर साधारण आठवड्यानं पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. भूक मरते, वजन उतरतं, जिना चढवत नाही इतका थकवा येतो. दोन-चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा सगळं सुरू होतं. औषध घेतलं नाही तर हे चक्र महिना-दीड महिनाही चालतं. औषध आहे, आणि ते आपल्याकडेही जुनं, ओळखीचं आहे: को-ट्रायमॉक्साझोल. मात्र ते सल्फा गटातलं आहे, आणि ज्यांना सल्फाची ॲलर्जी असते त्यांच्यासाठी तितकाच खात्रीचा दुसरा उपाय अजून नाही. या आजारानं माणूस क्वचितच दगावतो, पण भोगतो फार.

आता १९९६ सालची गोष्ट. त्या वर्षी मे-जूनमध्ये अमेरिका आणि कॅनडात लग्नं, मेजवान्या आणि परिषदांनंतर माणसं आजारी पडू लागली. एकूण १४६५ रुग्ण नोंदले गेले. टेक्सासच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आधी कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीकडे बोट दाखवलं. ऐन हंगामात स्ट्रॉबेरीचा उठाव बसला आणि तिथल्या बागायतदारांचं कोट्यवधी डॉलरचं नुकसान झालं. खरा धागा सापडला तो ग्वाटेमालाहून आलेल्या रासबेरीत. बागेत फवारणीची औषधं कालवायला वापरलेलं पाणी दूषित असावं, असा तपास करणाऱ्यांचा कयास होता. १९९७ च्या वसंतात हजाराहून अधिक रुग्णांची दुसरी साथ आली. १९९८ च्या वसंतात अमेरिकेनं ग्वाटेमालाची ताजी रासबेरी येऊ दिली नाही. कॅनडानं येऊ दिली. त्या वसंतात साथ आली ती कॅनडात, ओंटारिओ प्रांतात. सरकारी देखरेखीनं नेमकं काय साधतं, याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

स्ट्रॉबेरीवर उगाच आळ आला तो निष्काळजीपणामुळेच, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मेजवानीतल्या फळांच्या वाडग्यात दोन्ही बेरी एकत्र असतात. आजार आठवड्यानं दिसतो, चाचणी त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी होते आणि आरोग्य खात्याचा फोन येईपर्यंत महिना उलटतो. महिन्यापूर्वीच्या जेवणात काय होतं, याला कोण काय सांगणार? कोथिंबिरीचं तर त्याहून अवघड. माणूस सांगतो, टाको खाल्ला, सूप प्यायलो. वर भुरभुरलेली चिमूटभर कोथिंबीर कुणाच्या लक्षातच नसते. आपल्या घरी तर पोह्यांपासून आमटीपर्यंत ती सगळीकडे असते, म्हणून ती वेगळी अशी आठवतच नाही.

मग जुडी नीट धुतली तर? धुवावीच. माती जाते, बरेच जंतू जातात. पण सायक्लोस्पोराचे कोष कोथिंबिरीच्या कातरलेल्या पानांना आणि रासबेरीच्या लवेला चिकटून राहतात, आणि पाण्यात नेहमी घालतात त्या क्लोरीननं ते मरत नाहीत. मोठमोठ्या कारखान्यांतली तीन-तीनदा धुतलेली पिशवीबंद सॅलडं याच कारणानं पुरी पडली नाहीत. २०१८ च्या उन्हाळ्यात मॅक्डोनाल्ड्सच्या सॅलडमुळे १५ राज्यांत ५११ जणांना हा आजार झाला आणि कंपनीला सुमारे तीन हजार उपाहारगृहांतून सॅलड हटवावं लागलं. त्याच वर्षी अमेरिकेत पिकलेल्या कोथिंबिरीतही एफडीएला हा परजीवी पहिल्यांदा सापडला. तोवर बोट नेहमी सीमेपलीकडे जायचं. २०२० मध्ये पिशवीबंद सॅलडनं १४ राज्यांत ७०१ रुग्ण झाले, आणि तपासात फ्लोरिडातल्या एका कालव्याच्या पाण्यात तो दिसला. संडास आणि पाणी यांचा प्रश्न गरीब देशांपुरता आहे, हा समज तिथेच संपायला हवा होता.

खात्रीनं मारते ती उष्णता. म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांना एक साधं सांगणं: मे ते ऑगस्टमध्ये बाजारची कोथिंबीर आमटीवर शेवटी पेरण्याऐवजी उकळी असतानाच घाला आणि दोन मिनिटं उकळू द्या. वास थोडा कमी होईल, पण त्या चार महिन्यांपुरतं ते सोसावं.

दुसरा उपाय सगळ्यांना सुचतो तो घरी पिकवण्याचा. मी त्याच्या पूर्ण बाजूची आहे. कोथिंबिरीइतकी सोपी भाजी नाही. धने पोळपाटावर पसरून लाटण्यानं हलके दाबायचे, की प्रत्येक धण्याच्या दोन फाकी होतात. पीठ होऊ द्यायचं नाही. रात्रभर भिजवायचे, सकाळी वीतभर खोल कुंडीत पेरून वर बोटाच्या पेराएवढीही माती नको. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात, महिना-दीड महिन्यात खुडता येते. नळाचं पिण्याचं पाणी द्यायचं, मोरीचं नाही. शेणखत घालायचं तर पुरतं कुजलेलं, काळं, वास गेलेलं. सायक्लोस्पोरा शेणातून येत नसला तरी ई-कोलायसारखे जिवाणू येतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात मातीला लागणाऱ्या पिकासाठी कच्चं खत आणि काढणी यांत किमान १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, ते याचसाठी. आणि कुंडीतल्या भुसभुशीत मातीत मांजर बसत असेल तर ती जाळीनं झाका. मांजराच्या विष्ठेतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो.

इतकं केलं की आपल्या कुंडीत सायक्लोस्पोरा यायला फारशी वाट उरत नाही. पण या उपायाला मर्यादा आहे. कोथिंबीर थंडीतली भाजी. उन्हाचा कडाका पडला की पानं धरायच्या आत ती फुलोऱ्यावर येते. ह्यूस्टन-डॅलसमध्ये परसातली कोथिंबीर उन्हाळ्यात टिकत नाही. सावलीची जाळी लावून, दर पंधरवड्याला नवे धने पेरून थोडीफार निघते. म्हणजे बाजारच्या जुडीचा धोका सर्वांत जास्त असतो, नेमके तेच महिने घरची कुंडी रिकामी असते. शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्यानं सॅलडचा पाला, तुळस, रासबेरी हे सगळं कुठे लावायचं? गच्चीवरचा वाफा एका कुटुंबाची एक जुडी वाचवतो. सगळ्या गावाचं ताट मळ्यातच स्वच्छ व्हावं लागतं.

अमेरिकेनं ते कायद्यात लिहिलं, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१५ मध्ये आलेल्या नियमांनी मळ्यावर मजुरांसाठी संडास, हात धुण्याची सोय आणि सिंचनाच्या पाण्याची काळजी बंधनकारक केली. अगदी लहान शेतकऱ्यांना त्यातून वगळलं आहे. पण कायदा कागदावर असून भागत नाही, कुणीतरी मोजत राहावं लागतं. अन्नातून होणाऱ्या आजारांवर सक्रिय नजर ठेवणारं ‘फूडनेट’ नावाचं जाळं तिथे १९९०च्या दशकापासून आहे, आणि आता ते दहा राज्यांत काम करतं. ते आठ रोगजंतूंचा माग ठेवत असे. जुलै २०२५ पासून हा माग ठेवण्याची सक्ती दोनच जंतूंपुरती राहिली: साल्मोनेला आणि विष तयार करणाऱ्या ई-कोलायचा एक गट. गाळलेल्या सहांत सायक्लोस्पोरा आहे. निधी पुरत नाही, हे कारण पुढे आलं. राज्यांकडून रुग्णांची नेहमीची नोंद अजून होते, पण प्रयोगशाळांकडे स्वतःहून जाऊन विचारणारं माणूस कमी झालं की आकडा खाली येतो, आजार खाली येत नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटतो.

आपल्याकडे काय? सायक्लोस्पोराचे रुग्ण भारतातही नोंदले गेले आहेत, आणि शेजारच्या नेपाळात तो पावसाळ्यातला ओळखीचा आजार आहे. आपल्या अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ मधलं कलम १८, पोटकलम ३ मात्र फार थोड्यांनी वाचलेलं असतं. शेतकरी, शेतीची कामं आणि शेताच्या पातळीवरचं पीक यांना हा कायदा लागू नाही, असं ते सांगतं. शेतकऱ्याला निरीक्षकाच्या जाचापासून वाचवण्याचा त्यातला हेतू मी समजू शकते. पण मग हॉटेलवाल्याच्या स्वयंपाकघरात निरीक्षक जातो, आणि ज्या नाल्यावर मोटर टाकून पालेभाजी भिजवली जाते तिथे या कायद्यानं जायला कुणीच नाही. मुंबईत लोहमार्गालगत पिकणारा पालक आणि माठ कोणत्या पाण्यावर वाढतो, हे लोकलच्या खिडकीतून कित्येक पिढ्यांनी पाहिलं आहे.

कोबीतला किडा डोक्यात जातो, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. कोबीत दिसणारी हिरवी अळी निरुपद्रवी असते. मेंदूत गाठी करून फिट्स आणणारी असतात ती डुकरातल्या पट्टकृमीची अंडी. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि कोबीवर येतात ती त्या कृमीची लागण झालेल्या माणसाच्या विष्ठेतून. तेही पुएब्लासारखंच, पाण्याचं आणि संडासाचं गणित आहे. आणि आपल्या मळ्यांत पहाटेपासून कोथिंबीर उपटून जुड्या बांधणाऱ्या बायकांना दिवसभर जायला आडोसासुद्धा नसतो. त्यांच्या अब्रूचा आणि तब्येतीचा हा प्रश्न आपल्या ताटाआधी येतो. ताटाचा प्रश्न त्यातूनच पुढे उभा राहतो. काढणीच्या मजुरांसाठी मळ्यावर फिरता संडास आणि हात धुवायला स्वच्छ पाणी, यासाठी बाजार समित्या आणि कृषी खात्यानं अनुदान द्यावं, ही मागणी शेतकऱ्यांच्या विरोधात नाही. ती त्यांच्यासाठीच आहे.

तोवर वाचकांना एक विनंती. पावसाळ्यात, किंवा उन्हाळ्यात अमेरिकेहून परतल्यावर, जुलाब आठवड्याहून जास्त लांबले, थांबून पुन्हा सुरू झाले, तर शौचाची नेहमीची तपासणी करून गप्प बसू नका. त्या तपासणीत सायक्लोस्पोरा बहुधा सुटतो. त्यासाठी नमुना वेगळ्या रंगानं रंगवून पाहावा लागतो किंवा पीसीआर ही जनुकीय चाचणी लागते. डॉक्टरांना नाव घेऊन सांगा, की सायक्लोस्पोराची चाचणी लिहून द्या.