वर्गमित्राचें सुतक



ज्याचें तोंडही आपण कधीं पाहिलेलें नाहीं अशा एखाद्या लांबच्या भाऊबंदाचें निधन झालें, तरी सुतक पाळून देवपूजा बंद ठेवण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. परंतु ज्याच्या शेजारीं एकाच बांकावर आपण चार वर्षें बसलों, ज्याच्या डब्यांतली भाकरी खाल्ली, तो शाळासोबती वारला असतां मात्र घरांत कांहींच थांबत नाहीं. चहा वेळेवर होतो, पानें वेळेवर मांडलीं जातात. बातमी ऐकणारा मनुष्य क्षणभर स्तब्ध होतो, "आमच्या वर्गांत होता," एवढें म्हणतो आणि पुन्हां वर्तमानपत्र उचलतो. त्याचें दुःख लहान असतें काय? माझा अनुभव निराळा आहे. दुःख पुष्कळ असतें. त्यास घरांत बसावयास जागा नसते. ती जागा कोणती आणि ती कशी राखावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी जुन्या अकरावीची शालान्त परीक्षा १९७५ सालीं दिली. त्याच वर्षीं नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि जुनी अकरावी संपली. पुढें सारें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत गेलें. त्यामुळें वर्ग ही वस्तु मीं बांकावर बसून पाहिली आहे, तशीच टेबलामागें उभें राहूनही पाहिली आहे.

शाळासोबत्यांची स्मृति इतकी चिवट कां असते, याचा पद्धतशीर शोध अमेरिकेंत हॅरी बॅरिक ह्या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं घेतला आणि तो १९७५ सालींच प्रसिद्ध केला. त्यांनीं माध्यमिक शिक्षण पुरें केलेल्या ३९२ स्त्रीपुरुषांची परीक्षा घेतली. त्यांत नुकतेच शाळेबाहेर पडलेले तरुण होते, तसेच सत्तरी ओलांडलेले वृद्धही होते. प्रथम कांहींही न दाखवितां वर्गांतील नांवें आठवावयास सांगितलें. मग अनोळखी चेहरे आणि अनोळखी नांवें यांत मिसळलेले आपले वर्गबंधु ओळखावयास सांगितलें. शाळा सुटून सुमारे १५ वर्षें झालेल्यांनीं नांवें व चेहरे शेंकडा ९० च्या आसपास अचूक ओळखले. सुमारे ४८ वर्षांनंतरही नांवें शेंकडा ८० आणि चेहरे शेंकडा ७० ओळखले गेले. आपण होऊन नांवें आठवण्याचें प्रमाण मात्र १५ वर्षांनीं शेंकडा ६० आणि ४८ वर्षांनीं शेंकडा ३० इतकेंच राहिलें.

ह्या आंकड्यांचा अर्थ नीट लक्षांत घ्यावा. आठवणी नष्ट झालेल्या नसतात; त्या कोठारांत सुरक्षित असतात. त्या बाहेर काढण्याची किल्ली मात्र बहुधा आपल्या हातीं नसते. ती दुसऱ्या कोणाच्या हातीं असते. जुने सोबती एकत्र बसले म्हणजे एकजण एक नांव घेतो, दुसऱ्यास त्यावरून सहलीचा दिवस आठवतो, तिसरा त्या दिवशींच्या पावसाचें वर्णन करतो. एकट्यानें आठ दिवस बसून जें आठवलें नसतें, तें चौघांत घटकाभरांत आठवतें.

ही स्मृति पक्की होण्याचीं कारणेंही उघड आहेत. शाळेंतला परिचय एका दिवसाचा नसतो. तो कित्येक वर्षें रोज थोडाथोडा उजळला जातो, आणि असें पसरून झालेलें पाठांतर दीर्घकाळ टिकतें, हें मानसशास्त्राचें एक सुस्थिर तत्त्व आहे. हजेरीचेंच उदाहरण घ्या. तींच नांवें, त्याच क्रमानें, रोज सकाळीं कानांवर पडतात. पन्नास वर्षांनीं त्यांपैकीं एक नांव उच्चारलें कीं पुढचें नांव आपोआप ओठांवर येतें. दुसरें कारण वयाचें. माणसाच्या उतारवयांत त्याच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांपर्यंतच्या आठवणी इतर काळांतल्यांपेक्षां अधिक संख्येनें वर येतात, असें अनेक अभ्यासांत आढळलें आहे. तिसरें कारण समतेचें. पुढें कोण अधिकारी होणार आणि कोण दुकान चालविणार, हें त्या वेळीं ठरलेलें नसतें; मैत्री जडते ती गोट्या, पतंग आणि गृहपाठ यांच्या जोरावर.

साठी उलटली म्हणजे ह्या नात्याची किंमत आणखी एका रीतीनें कळूं लागते. आईवडील गेलेले असतात, वडील भावंडें एकेक करून जात असतात. घरांत आपण आजोबा असतों, गल्लींत काका असतों, जुन्या विद्यार्थ्यांना गुरुजी असतों. आपणांस अरेतुरे करणारें माणूस शोधूनही सांपडत नाहीं. तो अधिकार शेवटपर्यंत शाळासोबत्याकडेच राहतो. आपण दहा वर्षांचे होतों याचा तो साक्षीदार असतो. असा एक साक्षीदार गेला म्हणजे आपल्या बालपणाचा तो एकट्यासच ठाऊक असलेला भाग त्याच्याबरोबर जातो. म्हणून मित्राच्या मृत्यूनें होणारें दुःख दुहेरी असतें: मित्र जातो, आणि त्याच्या हातची किल्लीही जाते.

आपल्या पूर्वजांस ह्या दुःखाची जाणीव होती. मनुस्मृतींतील कित्येक विधानें आज आपण मान्य करीत नाहीं, आणि तें योग्यच आहे. तथापि त्या ग्रंथाच्या पांचव्या अध्यायांत अशौचाचे नियम सांगतांना, सहाध्यायी निवर्तला असतां एक दिवसाचें अशौच पाळावें असें सांगितलें आहे. गुरुगृहीं बरोबर शिकलेल्यास, रक्ताचा संबंध नसतांही, एक दिवस दिलेला आहे. भाद्रपदांतील महालय श्राद्धांतही पितरांच्या नामावळीच्या अखेरीस गुरु, आचार्य, शिष्य यांच्याबरोबर मित्रासही स्थान आहे. आज सहाध्यायाचा तो एक दिवस बहुतेकांच्या गांवींही नाहीं. विधि जावो, पण त्यामागची दृष्टि गेली, हें नुकसान झालें.

ह्या नुकसानीस आधुनिक शास्त्रानेंही नांव दिलें आहे. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनीं १९८९ सालीं आपल्या ग्रंथांत, समाजाची मान्यता नसलेल्या शोकाचा विचार मांडला. ज्या नात्यास लोक शोकाचा अधिकार देत नाहींत, त्या नात्यांतील माणसाचें दुःख उघडपणें व्यक्त होत नाहीं, त्याचें सांत्वन कोणी करीत नाहीं, आणि त्यामुळें तें अधिक अवघड होऊन बसतें. मित्राचें दुःख ह्याच वर्गांत मोडतें. कचेरींतून त्यासाठीं रजा मिळत नाहीं, भेटावयास कोणी येत नाहीं, आणि "तो तुमचा कोण?" ह्या प्रश्नास समाधानकारक उत्तर देतां येत नाहीं.

पूर्वीं अशुभाची बातमी टपालानें येई. तें पत्र वाचून लगेच फाडून टाकण्याची रीत होती. आतां बातमी भ्रमणध्वनीवर येते. बहुतेक वर्गांचे व्हॉट्सॲपवर गट झाले आहेत आणि दूरच्या सोबत्यांची गांठ त्यांनीं घालून दिली, हा त्यांचा उपकार मोठा आहे. परंतु तेथें निधनाची ओळ येते, तिच्याखालीं हात जोडल्याचीं पन्नास चित्रें उमटतात, आणि तासाभरानें कोणीतरी विनोद पाठवितो. बातमी पोहोंचते, शोक पोहोंचत नाहीं.

शोक पोहोंचणें म्हणजे काय, याचें एक उदाहरण सांगतों. आमच्या वर्गांतील एका मुलीचें लग्न लवकर झालें. सासरीं तिचें आडनांव बदललें, आणि त्या काळच्या चालीप्रमाणें नांवही बदललें. आमच्यांतील एकाच्या घरापासून चार गल्ल्यांवर ती वीस वर्षें राहत होती, तरी कोणास पत्ता नव्हता. ती वारल्यावर चार महिन्यांनीं तिच्या मुलास तिच्या पेटींत वर्गाचें छायाचित्र सांपडलें. त्याच्या मागें नांवें लिहिलेलीं होतीं. त्यांतील एका नांवावरून विचारपूस करीत तो आमच्या मित्राकडे आला. आई शाळेंत कशी होती, एवढेंच त्यास विचारावयाचें होतें. आम्ही तिघेचौघे जमलों. ती लंगडींत कोणाच्या हातीं लागत नसे, मुलींचा संघ तिनेंच उभा केला होता, असें आम्हीं सांगितलें. तिचे गुडघे पुष्कळ वर्षें दुखत असत. मुलानें आईला धांवतांना कधीं पाहिलेंच नव्हतें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. जातांना म्हणाला, "आज मला आई थोडी अधिक मिळाली."

शाळासोबत्याच्या शोकाचें खरें कार्य हें आहे. गेलेल्या माणसाच्या मुलाबाळांजवळ त्याचें बालपण नसतें. तें आपल्याजवळ असतें. तें त्यांस नेऊन देणें, हें आपल्यावरील देणें आहे.

कोणी म्हणेल, आमच्या वर्गांत आतां पूर्वीसारखें सख्य उरलेलें नाहीं. मतें निराळीं झालीं, वाद झाले, बोलणें बंद झालें. अशा वेळीं टिळक आणि आगरकर यांचें स्मरण करावें. डेक्कन कॉलेजांतील हे दोघे सहाध्यायी. एकत्र शिकतांना त्यांनीं शिक्षणाला वाहून घेण्याचा निश्चय केला. १८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८१ सालीं 'केसरी' निघाला, आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. पुढें सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांचें तीव्र वैमत्य झालें. आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढला, आणि दोन पत्रांत कडाक्याचे वाद झडले. १७ जून १८९५ रोजीं आगरकर अवघ्या अडतिसाव्या वर्षीं निवर्तले, तेव्हां 'केसरीं'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनींच. इतक्या मोठ्या वादांतून जें नातें शिल्लक राहिलें, तें आपल्या किरकोळ वादांत कां तुटावें?

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. प्रत्येक वर्गानें आपली एक यादी करावी आणि ती सांभाळण्याचें काम एकाकडे, व त्याच्या मागें दुसऱ्याकडे, सोंपवावें. मुलींचीं माहेरचीं व सासरचीं दोन्ही नांवें लिहावींत. शाळेच्या दप्तरांत जुन्या नोंदी असतात. मुख्याध्यापकांस विनंती केल्यास गाळलेलीं नांवें आठवण्यास मदत होते. माझा विशेष आग्रह असा कीं, यादी उत्तीर्ण झालेल्यांचीच करूं नये. जो आठवींत नापास झाला, ज्यास वडील वारल्यामुळें नववींतून कामाला लागावें लागलें, जी मुलगी वयांत येतांच घरीं बसविली गेली, तीं सर्व आपल्याच वर्गांतलीं. स्नेहसंमेलनाचें निमंत्रण सहसा त्यांच्यापर्यंत जात नाहीं, आणि त्यांच्या निधनाची वार्ताही आपल्यापर्यंत येत नाहीं.

सोबती गेल्याचें कळल्यावर हात जोडल्याचें चित्र पाठवून थांबूं नये. शक्य असल्यास घरीं जावें. नसल्यास स्वतःच्या हातानें पत्र लिहावें, आणि त्यांत घरच्यांस ठाऊक नसलेली शाळेंतली एक तरी गोष्ट लिहावी. तो एक दिवस वर्गाच्या गटावर दुसरें कांहीं पाठवूं नये. वार्षिक भेटींत गेलेल्यांचीं नांवें हजेरीच्या क्रमानें वाचावींत. आणि घरांतील मंडळींस माझी विनंति आहे: आजोबांचा वर्गमित्र वारला असें कळलें, तर "वय झालेंच होतें," असें म्हणूं नका. "ते कसे होते?" असें विचारा आणि ऐकत बसा.

जिवंतपणीं भेटत राहणें हें तर ह्या सर्वांहून महत्त्वाचें. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विवेचनांत १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासण्यांत आली. ज्यांचे स्नेहसंबंध दृढ होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळांत हयात राहण्याची शक्यता इतरांच्या मानानें सुमारे ५० टक्क्यांनीं अधिक दिसली. मित्रास भेटावयास जाणें म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आमच्या वर्गाच्या यादींत आतां हयात नसलेल्यांचीं नांवें वाढत चाललीं आहेत. तीं आम्ही खोडीत नाहीं. नांवापुढें वर्ष लिहितों आणि क्रमांक तसाच ठेवतों.