पेट्रोल तिकडे स्वस्त, बिऱ्हाड मात्र महाग

सकाळी सातच्या सुमाराला बांद्याला हमरस्त्यावर उभे राहावे. दुचाक्यांची रांगच्या रांग पत्रादेवीकडे चाललेली दिसते. पाठीला पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा. कुणी म्हापशाच्या दुकानात कामाला, कुणी पर्वरीच्या हॉटेलात. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याच्या बाजूला जाणारेही त्यात आले. रात्री आठ-नऊला हीच मंडळी कंबर धरून परत येतात आणि घरात एकच विषय निघतो : रोजची ये-जा किती दिवस करायची? बिऱ्हाडच गोव्यात हलवले तर?

वरवर पाहता सौदा फायद्याचा वाटतो. तिकडे पेट्रोल स्वस्त, वीज स्वस्त, कर कमी. पण चहाच्या टपरीवर एक जुना माणूस म्हणाला तेच खरे, ‘‘थंय पेट्रोल स्वस्त आसा रे, पण भाड्याचा काय?’’ तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब पुरा मांडू या.

करात किती सुटते?

आयकर केंद्राचा. तो सावंतवाडीत राहा की म्हापशात, सारखाच. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, त्यामुळे साबण, चप्पल, गॅस सिलिंडर यांवरचा करही दोन्हीकडे एकच. राज्याच्या हातात मुख्यतः उरले पेट्रोल-डिझेल, दारू, वाहन कर आणि व्यवसाय कर.

महाराष्ट्रात दरमहा दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचा वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. महिलांना २५ हजारांपर्यंत माफी आहे. गोव्यात पगारातून असा कर कापत नाहीत. पण हा कर नोकरी जिथे, तिथला. म्हणजे गोव्यात नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाचा तो आताही कापला जात नाही. बिऱ्हाड हलवून त्यात नवे काहीच सुटत नाही.

पेट्रोलचेही तसेच. लिटरमागे साधारण आठ-नऊ रुपयांचा फरक आहे. २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने तर पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता. बांदा ते म्हापसा जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देते असे धरले, तर दिवसाला सव्वा-दीड लिटर. नऊच्या हिशेबाने रोज १२ रुपये, महिन्याच्या २६ दिवसांचे तीनशेच्या आसपास सुटतात. पण ही टाकी आपला माणूस आजच पत्रादेवीला भरतो आहे! त्यासाठी घर सोडायला नको.

थोडक्यात, जे स्वस्त आहे ते बरेचसे घरी राहूनही मिळते. जे महाग आहे ते मात्र बिऱ्हाड हलवल्यावरच गळ्यात पडते.

महाग काय?

पहिले, भाडे. रोजच्या पेट्रोलला महिन्याला तीन-साडेतीन हजार जातात, ते तिकडे राहिल्यास वाचतील. समजा, दोन खोल्यांना आठ हजार पडले. वाचलेले पेट्रोल वजा केले तरी साडेचार-पाच हजार खिशातून गेलेच. वर अनामत रक्कम वेगळी. शंभर युनिटांपर्यंत विजेचा गोव्यातला दर महावितरणच्या निम्म्याहूनही कमी आहे, हे खरे. पण भाडेकरूला घरमालक कोणत्या दराने बिल लावतो, ते आधी विचारून घ्यावे.

दुसरे, ताटातले. गावात घरचा तांदूळ, परसातला नारळ, सोलं, चुलीला लाकूड. याचे पैसे कधी कुणी मोजले? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ हातात घेतला की मोजावे लागतात.

तिसरे, गाडी. परराज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एमएच-०७ चा नंबर बदलावा लागतो. इथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, तिकडे नव्याने कर आणि इथे भरलेल्या करातला उरलेला परत मागण्यासाठी अर्ज. खेपा आल्याच.

इकडचे तुटते, तिकडचे जुळत नाही

रेशनचे भांडण आता उरले नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे इथल्या कार्डावर तिकडेही धान्य मिळते. बाकीचे तसे नाही. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईला. गोव्याच्या गृह आधारचेही दीड हजारच, पण त्याला पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. तिथल्या सरकारी आरोग्य विम्याला पाच वर्षे. बांबोळीच्या इस्पितळात परराज्यातल्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क सुरू झाले, तेव्हा दोडामार्गात केवढे आंदोलन झाले ते लोक विसरलेले नाहीत. मुलांचेही पाहावे. मुलगी दहावी-बारावी गोव्यात झाली, तर महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेश घेताना अडचण येते.

सातबारा सोडू नका

सगळ्यात मोठी जोखीम जमिनीची. ‘‘गावची जमीन विकून म्हापशात फ्लॅट घेऊ’’ असे काही तरुण बोलतात. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेवटचा गुंठा विकला की आपण शेतकरी राहत नाही. उद्या परत यावेसे वाटले, तर आपल्याच गावात आपण उपरे. शिवाय केंद्राचे आणि राज्याचे मिळून शेतकरी सन्मानाचे वर्षाला बारा हजार येत असतील, तर तेही गेले.

म्हणजे कुणी जाऊच नये का? तसे नाही. नवरा-बायको दोघेही तिकडे कमावत असतील, रात्रपाळी असेल, हमरस्त्यावरच्या अंधारात जीव मुठीत धरून यावे लागत असेल, तर हिशेब बदलतो. जिवाची किंमत पेट्रोलच्या दरात मोजता येत नाही. अशांनी आधी तिघा-चौघांत मिळून एक खोली घ्यावी, वर्षभर राहून पाहावे. घर, कार्ड, सातबारा इथेच ठेवावा.

एक लिटरमागे नऊ रुपये वाचतात म्हणून दाराला कुलूप लावायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. फक्त ठरवताना परसातला नारळही हिशेबात धरावा.