कुऱ्हाडीची धार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुऱ्हाडीला धार लावणे म्हणजे तिच्या कडेवरून दगड फिरवणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि या कामातील बहुतेक चुकांचे मूळ तिच्यातच सापडते. लाकडात शिरते ती केवळ कड नसते. कड तंतू कापते आणि तिच्या मागोमाग येणारा पात्याचा उतार ते कापलेले तंतू बाजूला सारून पुढच्या घावाला वाट करून देतो. दर वेळी फक्त कडच घासली, तर ती हळूहळू तुंब्याकडे, म्हणजे पात्याच्या मागच्या जाड भागाकडे सरकते, आणि पाते तिकडे जाड होत गेलेले असल्याने प्रत्येक घासणीनंतर कडेमागची जाडी वाढत राहते. अशी कुऱ्हाड बोटाला तीक्ष्ण लागते, पण ओंडक्यावर ढलपी उडवत नाही. ती लाकडात अडकते किंवा उसळी घेते. त्यावर ‘लोखंड उतरले’ असा निकाल देऊन नवी कुऱ्हाड आणली जाते, वास्तविक लोखंड जागच्या जागी असते आणि बिघडलेला असतो तो आकार. अशा वेळी कडेला हात न लावता तिच्यामागील तीन-चार सेंटिमीटरचा पट्टा दोन्ही बाजूंनी कानशीने उतरवावा लागतो, कड सर्वांत शेवटी घ्यावी लागते, आणि घरच्या घरी करण्याजोगे सर्वांत परिणामकारक काम हेच असूनही तेच सहसा टाळले जाते.

याच्या उलट टोकाला असणारा समज असा की, धार जितकी पातळ तितकी चांगली. उघडा वस्तरा घेतला, तर त्याच्या दोन बाजूंमधील कोन १५ ते १८ अंशांच्या आसपास असतो, कारण त्याला केसापलीकडे काही कापायचे नसते. कुऱ्हाडीला मात्र वाळलेल्या बाभळीची गाठ आणि संपूर्ण हाताच्या फेकीचा आघात एकाच क्षणी सोसावा लागतो. त्यामुळे झाड तोडण्याच्या कुऱ्हाडीत दोन्ही उतार मिळून साधारण २५ ते ३० अंशांचा आणि लाकूड फोडण्याच्या जाड कुऱ्हाडीत ३५ ते ४० अंशांचा कोन ठेवला जातो, शिवाय उतार अगदी सपाट न ठेवता किंचित फुगीर, म्हणजे बहिर्गोल ठेवला जातो, जेणेकरून कडेला मागून आधार मिळतो आणि पाते लाकडात चिकटून बसत नाही. यापेक्षा पातळ केलेली धार पहिल्या काही घावांत उत्तम चालते आणि नंतर गाठीवर वळते किंवा तिला दाते पडतात. सरपण फोडताना तर तीक्ष्णतेचा वाटा अल्पच असतो, कारण तंतूंच्या दिशेने पडलेल्या घावात कड फक्त सुरुवात करून देते आणि पुढचे काम पाचरीसारखा जाड होत जाणारा भाग करतो. म्हणून तोडण्याची आणि फोडण्याची कुऱ्हाड एकाच मापाने घासू नये. तसेच धार नेहमी दोन्ही बाजूंनी सारखी असलीच पाहिजे हा नियमही सार्वत्रिक नाही. लाकूड तासून सपाट करण्याच्या सुतारी वाकसाला उतार केवळ आतल्या, दांड्याकडच्या बाजूने असतो आणि दुसरी बाजू घासली तर ते अवजार कामातून जाते.

यानंतरचा समज उष्णतेविषयीचा असून नुकसान करण्यात त्याचा क्रमांक पहिला लागावा. विजेच्या ग्राइंडरवर ठिणग्यांचा फवारा उडाला की धार चांगली लागत आहे, असे मानले जाते. ठिणगी म्हणजे चाकाने खरवडून काढलेला पोलादाचा सूक्ष्म कण हवेत जळून उजळलेला असतो. त्यातून धातू निघतो आहे एवढेच कळते, धारेची अवस्था कळत नाही. प्रश्न असतो तो कडेच्या तापमानाचा. कड अत्यंत पातळ असल्यामुळे तिच्यात साठलेली उष्णता मागे पसरण्याच्या आतच ती तापते, आणि तापताना पोलादाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा जो अतिशय पातळ थर चढतो त्याच्या जाडीनुसार रंग दिसू लागतात : सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पेंढ्यासारखा पिवळा, २५० ते २६० अंशांना तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. कड निळी पडली म्हणजे तेथील कठीणपणा हवा त्याहून खाली आला, आणि निळाईपलीकडे जाऊन ती राखाडी झाली असेल तर तो भाग आणखी मऊ पडला असे समजावे. येथे आणखी एक गैरसमज येऊन मिळतो, तो असा की निळी पडताच पाते पाण्यात बुडवले की सारे पूर्ववत होते. पोलाद मऊ होते ते त्या तापमानाला पोहोचल्यामुळे. नंतर ते लवकर थंड झाले की सावकाश, याने त्यात फरक पडत नाही. पाण्याचा उपयोग आहे, पण रंग येण्यापूर्वी, दर काही सेकंदांनी; कडेवरचा पाण्याचा थेंब टिकून आहे तोवर चिंता नाही, तो वाफ होऊन उडू लागला की हात थांबवावा.

ग्रामीण भागात याउलट पोलाद मऊ पडण्याची नको तितकी भीती आढळते : लोहाराने दिलेले ‘पाणी’ घरी घासल्याने उतरते, सबब कुऱ्हाडीला घरी कानस लावू नये. पाणी देणे म्हणजे पोलाद लालबुंद तापवून पाण्यात वा तेलात झटकन थंड करणे आणि त्यामुळे आलेला काचेसारखा ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा माफक तापवणे. लोहाराच्या या विद्येभोवती गूढतेचे वलय आहे आणि अमुक विहिरीच्या पाण्याची महती सांगितली जाते, परंतु परिणाम ठरतो तो थंड होण्याच्या वेगावर, आणि हा वेग मिठाच्या पाण्यात सर्वाधिक, साध्या पाण्यात त्याहून कमी व तेलात आणखी कमी असतो. हाताने कानस चालवताना पाते कोमट होण्यापलीकडे तापत नाही, तेव्हा त्याने पाणी उतरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कानस चालते कशी, हेही समजून घेण्यासारखे आहे. कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल ‘सी’ या मापावर, ज्यात हिऱ्याचे टोक धातूत दाबून खड्ड्याची खोली मोजतात, चांगली कानस ६० ते ६५ आणि कुऱ्हाडीची धार साधारण ५० ते ५८ येते. या फरकामुळेच कानस कुऱ्हाडीला चावते. तिचे दाते एकाच दिशेने कापतात. म्हणून पुढे ढकलताना दाब द्यावा आणि मागे घेताना ती उचलावी. करवतीसारखी मागेपुढे घासली की पोलाद कमी निघते आणि कानशीचेच दाते मोडतात. कानशीला तेल लावल्याने ती गुळगुळीत चालते हे खरे, परंतु गुळगुळीत चालणे म्हणजेच न कापणे, शिवाय तेलात भिजलेला कीस दात्यांमध्ये घट्ट बसतो. तो तारेच्या ब्रशने झाडावा. बिनमुठीची कानस कधीही वापरू नये, कारण ती अडकली की तिचे अणकुचीदार शेपूट तळहातात घुसते. पाते शिकंज्यात किंवा दोन लाकडांत घट्ट आवळावे आणि उतारावर मार्कर पेनाची शाई फासावी : दोन-तीन हातांनंतर शाई जेथून पुसली गेली तेथेच कानस लागते आहे, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते आणि कोन चुकत असल्यास तेव्हाच उमगतो. कडेचा मध्यभाग अधिक वापरात येतो म्हणून तोच अधिक घासण्याचा मोह होतो, त्यातून धारेची कमान जाऊन मध्ये खोलगा पडतो. दोन्ही टोकांनाही तितकेच हात मिळाले पाहिजेत.

कानशीनंतर दगड. कोणताही दगड चालतो, हा समज अर्धसत्य आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्टचा असल्याने पायरीवर किंवा डोणीच्या काठावर विळे-कोयते घासण्याची रीत सर्वत्र दिसते, पण या खडकातील प्रमुख खनिजांचा कठीणपणा मोहस मापावर सुमारे ६, म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाच्या जवळपासच असल्याने तो झिजवतो अधिक आणि कापतो कमी. ९ इतक्या कठीणपणाच्या कुरुंदाची पूड लाखेत घालून केलेली चाके शिकलगार पूर्वी वापरत, ती उगाच नव्हे. आज एक बाजू खरखरीत आणि दुसरी बारीक असलेला कार्बोरंडमचा दगड हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळतो. त्यावरील पाणी किंवा तेल धार लावत नाही. सुटलेला कीस वाहून नेऊन दगडाची छिद्रे मोकळी ठेवणे एवढेच त्याचे काम असते. घासताना कडेच्या पलीकडच्या बाजूला धातूची बारीक कोर वळून येते, ती नखाला खरखरीत लागते, आणि तीच धार समजून अनेक जण तेथे थांबतात. ही कोर पहिल्या घावातच तुटून पडते. बाजू आलटून-पालटून, हलक्या हाताने ती पूर्ण निघेपर्यंत दगड चालवला, तरच खाली खरी धार उरते.

धार तपासण्यासाठी कडेवर अंगठा ओढण्याची गरज नाही. पाते उन्हात कड वर करून धरावे : बोथट जागी कडेला रुंदी असते, म्हणून तेथे प्रकाशाची पांढरी रेघ चमकते, धारदार कड मात्र दिसतच नाही. बोथट कुऱ्हाड निदान सुरक्षित असते, ही समजूत तर सरळच उलटी आहे, कारण लाकडात न शिरलेले पाते घसरून नडगीकडे येते आणि शिरावे म्हणून लावलेला अधिकचा जोर त्याच घसरणीत भर घालतो.

धारेला तासन्‌तास लागतात, हाही असाच एक समज. अब्राहम लिंकन यांच्या नावावर झाड तोडण्याच्या वेळेतील बराचसा वेळ कुऱ्हाड परजण्यात घालवण्याचे एक वचन व्याख्यानांतून सर्रास सांगितले जाते. १८६५ मध्ये निधन पावलेल्या लिंकन यांच्या लेखनात वा भाषणांत त्याचा आधार मिळत नाही, आणि व्यवहारातही ते लागू पडत नाही. आकार एकदा नीट आणल्यावर कामाच्या अधूनमधून पाचेक मिनिटे दगड फिरवणे पुरते.

घरच्या कामाला मर्यादा एकच आहे. अनेक कुऱ्हाडींत पाणी फक्त कडेलगतच्या पट्ट्यालाच दिलेले असते, आणि वर्षानुवर्षे घासून तो पट्टा संपला की कानस एकाएकी फार सहज चावू लागते व लावलेली धार एका सकाळीत वळते. तेथे दगड किंवा कानस यांचा इलाज चालत नाही. ती कुऱ्हाड लोहाराकडे नेऊन शेवटून, म्हणजे तापवून, ठोकून, पातळ करून, पुन्हा पाणी देऊन आणावी लागते.